मेव्हण्याच्या लॅपटॉपच्या धंद्यात सहा लाख घालू का?

सांगलीच्या एका वाचकांचा प्रश्न : मार्केट यार्डात अडत दुकानी हिशेब बघतो. मुलगी अकरावीला आहे. बँकेत नऊ लाखांची एफडी आहे. मेव्हण्याचं गणपती पेठेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पुण्यातल्या कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप लॉटनं आणायचे, दुरुस्त करून कॉलेजच्या पोरांना विकायचे, असा त्याचा बेत. निम्म्या भागीदारीला सहा लाख मागतोय. ई-कचराही कमी होईल म्हणतो. देऊ का?

सहा लाख देऊ नका आणि भागीदार तर अजिबात होऊ नका. पण पाहुण्यांना वाटेलाही लावू नका, धंदा खोटा नाही.

तुम्ही पाठवलेल्या कागदावर मेव्हण्यांनी लिहिलंय : वीस नग, खरेदी १४ हजार, विक्री २१ हजार, लॉटमागे सुटले १ लाख ४० हजार. तुम्ही रोज खतावणी लिहिता, तरी हे तुमच्या नजरेतून सुटलं कसं? लॉटमध्ये नग निवडून मिळत नाहीत. कुणाचा मदरबोर्ड गेलेला, कुणाची बॅटरी फुगून टचपॅड वर आलेला. तीन नग सुट्या भागांसाठीच गेले असं धरा. उरलेल्या सतरांना बॅटरी, एसएसडी (माहिती साठवणारा भाग), हिंज (पडद्याची बिजागरी) मिळून सरासरी अडीच हजार. एकूण खर्च ३,२२,५००, विक्री ३,५७,०००. राहिले ३४,५००. पोरांखेरीज शाळा-क्लासवाले गिऱ्हाईक आले, तर ते जीएसटीचं बिल मागणारच. जुन्या मालावर कर फक्त खरेदी-विक्रीच्या फरकावर लावता येतो, हे खरं. पण २१ हजारांत १८ टक्के कर धरलेला असेल, तर नगामागे सात हजारांच्या फरकातून सतरा नगांचे अठरा हजार गेले. हातात सोळा हजार आणि वर थोडे. त्यातूनच भाडं, पोऱ्याचा पगार आणि वॉरंटीत परत आलेली मशीनं.

माल स्वस्त का मिळतोय, हेही विचारा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट, संपला आणि इंटेलच्या सहाव्या जनरेशनचा प्रोसेसर असलेल्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. आपल्या हरिपूरच्या पेवांत, जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं टिकायची, भाव आला की पेव उघडायचं. लॅपटॉपचं तसं नाही. सहा महिने फळीवर राहिला की भाव खालीच. आठव्या जनरेशनच्या खालचा नग असेल तर किंमत पाडूनच मागा.

ई-कचऱ्याचं म्हणणं मला मान्य आहे. चालू स्थितीतलं मशीन आणखी चार वर्षं वापरात राहिलं, तर नव्याची तेवढी खाण-भट्टी वाचते. मात्र १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार रिफर्बिशिंग, म्हणजे जुनं यंत्र दुरुस्त करून पुन्हा वापरात आणायचं काम, करणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि ते तीन मेलेले नग गल्लीतल्या भंगारवाल्याला देता येत नाहीत. नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवेत. मेव्हण्यांच्या कागदावर ही ओळच नाही.

भागीदारी का नको? साध्या भागीदारी संस्थेत दुकानाचं देणं तुमच्या घरापर्यंत येतं. त्यांनी उधारीवर दुसरा लॉट उचलला, तर वसुलीवाला तुमच्याकडेही येईल.

त्यापेक्षा दीड लाख उसने द्या, दहा नगांपुरते. व्याज आणि परतीची तारीख कागदावर लिहा, रक्कम बँकेतूनच द्या. वीस हजार किंवा त्याहून जास्त उसने रोखीनं देण्याघेण्याला आयकर कायद्याची मनाई आहे, पाहुणा असला तरी. ते दहा नग किती दिवसांत खपतात आणि किती परत येतात, तेवढं वहीत लिहून ठेवा. पुढचं त्यावर बोलू. बाकीची रक्कम मुलीच्या इंजिनिअरिंगची आहे, तिला हात लावू नका.

गणपती पेठेत माल खाली ठेवू देऊ नका. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. मालाचा विमा पुरासकट उतरवा, ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत पूर येतो.

दीड लाखासाठी एफडी मोडावी लागेलच. तेव्हा उरलेले साडेसात लाख दोन बँकांत वाटून ठेवा, कारण एका बँकेतल्या ठेवींना विमा व्याजासकट पाच लाखांपर्यंतच आहे.