हप्त्यांवरची खरेदी: वाचकांचे प्रश्न

18,000 रुपयांचा फोन ‘नो-कॉस्ट ईएमआय’वर सहा हप्त्यांत मिळतोय. व्याजच नाही, तर रोखीने कशाला घ्यायचा?

व्याज असतं. फक्त तेवढी रक्कम आधी सूट म्हणून किमतीतून वजा केलेली असते. समजा, बँकेचा दर वर्षाला 15 टक्के आहे. मग विक्रेता साधारण 762 रुपये सूट देतो, बँक 17,238 रुपयांचं कर्ज देते आणि दरमहा 3,000 प्रमाणे 18,000 वसूल करते. इथवर हिशेब जुळतो. पण क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांमधल्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, त्याचे 137 रुपये. प्रक्रिया शुल्क 199 धरलं तर करासह आणखी 235. म्हणजे फोन पडला 18,372 रुपयांना.

हाताशी एकरकमी पैसे नसतील तर पावणेचारशे रुपये जास्त देण्यात काही गैर नाही. मात्र एकदम पैसे भरल्यास किती कमी होतील, हे दुकानात आधी विचारा. हजार रुपये कमी होणार असतील तर हप्त्यांसाठी तेही गमावताय. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नाही. तरीही जाहिरातीत तो शून्य इतका ठळक छापला जातो, याचा मला राग येतो.

ॲपवर ‘आत्ता घ्या, नंतर पैसे द्या’ निवडून 1,200 रुपयांचे कपडे घेतले. कर्ज घेतलं नव्हतं, तरी सिबिलच्या (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या) अहवालात ते कसं आलं?

ते कर्जच होतं. ॲप बहुतेकदा मध्यस्थ असतं. तुमचे पैसे एखाद्या बँकेने किंवा एनबीएफसीने (बँक नसलेल्या वित्तसंस्थेने) भरलेले असतात आणि संमतीच्या चौकटीत तुम्ही टिचकी मारलेली असते. वेळेत फेडलं तर काळजी नको. चुकलं तर? समजा, विलंब शुल्क 250 रुपये आहे. बाराशेच्या खरेदीवर पाचव्या हिश्श्याहून जास्त!

डिजिटल कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम 2022 पासून आहेत. कर्ज देणाऱ्याचं नाव, वार्षिक दर आणि सगळी शुल्कं एका तथ्यपत्रकात आधी दाखवावी लागतात. विचार बदलला तर ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून कर्जातून बाहेर पडता येतं. ते पत्रक उघडून स्क्रीनशॉट काढून ठेवा. सिबिलचा संपूर्ण अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो, तोही मागवा.

वस्तू परत केली, तरी हप्ता कापला जातोय. थांबवू का?

नको. परतावा कर्ज देणाऱ्याकडे जमा होऊन खातं बंद होईपर्यंत हप्ता चालू राहतो. मध्येच थांबवलात तर थकबाकी तुमच्या नावावर चढते. विक्रेत्याकडून परताव्याचा संदर्भ क्रमांक घ्या आणि तो कर्ज देणाऱ्याला ईमेलने कळवा.

दोन हप्ते थकलेत. वसुलीवाले रात्री नऊला फोन करतात, माझ्या मेहुण्यालाही केला.

हे नियमात बसत नाही. वसुलीसाठी सकाळी 8 पूर्वी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. नातेवाइकांना त्रास देणं तर मुळीच नाही. कॉलची वेळ आणि नंबर नोंदवून कर्ज देणाऱ्याच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. ती मोफत असते. माहितीसाठी 14448 वर फोन करा. तक्रार अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रातच, थकलेली रक्कम कधी आणि किती भरू शकाल तेही लिहा. तक्रार केली म्हणून हप्ता माफ होत नाही. पण दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावता येत नाही, त्यामुळे दंडाचा वेगळा हिशेब मागून घ्या.