वाचकांचे प्रश्न : सुरमईवाले काका लेक मिशिगनवर

प्रश्न : मुलगा अमेरिकेत मिलवॉकीला असतो. १ जूनला इकडची मासेमारी बंद झाली, होडी वर ओढली की आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत. तो म्हणतो सगळे मिळून लेक मिशिगनवर बोटीनं जाऊ, मागं गळ ओढत सॅल्मन आणि स्टीलहेड हे मासे धरू. आमच्या ह्यांनी जन्मभर सुरमईला गळ ओढलेत, त्यांचं म्हणणं तळ्यात कसली भीती. पण सोबत सून आणि दोन नातवंडं आहेत, मोठा नऊ वर्षांचा, धाकटी पाच. काय काळजी घ्यावी, आणि इथून काय सामान न्यावं? – एक ताई, गुहागर

उत्तर : ताई, मासेमारीचं सामान काहीच नेऊ नका, आणि काकांच्या डोक्यातून ते "तळं" आधी काढा. हे पाणी उत्तर-दक्षिण जवळजवळ ४९० किलोमीटर लांब आहे, रुंदी जास्तीत जास्त १९० च्या आसपास, आणि सगळ्यात खोल जागी २८० मीटर. पलीकडचा काठ दिसतच नाही. वारा उत्तरेकडून सुटला की एवढ्या लांबीवरून लाट चढत येते आणि ती आपल्या समुद्रासारखी लांब नसते, आखूड आणि उभी असते, एक गेली की लगेच दुसरी, त्यामुळे लहान बोटीला जास्त त्रास होतो.

पण मला लाटेपेक्षा भीती वाटते ती थंडीची. आपल्याकडे मे महिन्यात समुद्राचं पाणी २९-३० अंश असतं, पोरं त्यात तासन् तास डुंबतात. तिकडे जूनच्या सुरुवातीला पाणी १० अंशांच्या आसपास असू शकतं. अशा पाण्यात माणूस पडला की पहिल्या मिनिटात आपोआप जोराची धाप लागते, तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं, आणि दहाएक मिनिटांत हातापायातली ताकद जाते, मग समोर टाकलेली दोरीसुद्धा धरता येत नाही. काका कितीही पट्टीचे पोहणारे असोत, पोहणं इथं उपयोगाला येत नाही, अंगावरचं जॅकेट येतं. तिकडच्या नियमाप्रमाणे चालत्या बोटीच्या डेकवर १३ वर्षांखालच्या मुलांना लाईफ जॅकेट घालावंच लागतं, पण माझा आग्रह आहे की काकांसकट सगळ्यांनी ते धक्क्यावरच अंगात घालावं आणि परत धक्क्याला लागेपर्यंत काढू नये. धाकटीचं जॅकेट तिच्याच वजनाचं घ्या, खांद्याला धरून वर उचललं तर ते कानापर्यंत सरकता कामा नये. आणि जून असला तरी स्वेटर, कानटोपी, विंडचीटर घ्याच, काठावर उकडत असताना आत गारठायला होतं.

पहिल्या वेळी मुलाच्या मित्राच्या बोटीनं वगैरे जाऊ नका, चार्टर करा, म्हणजे कॅप्टनसकट बोट भाड्यानं घ्या. कोस्ट गार्डचं लायसन्स असलेला कॅप्टन असतो, अशा लहान बोटीत जास्तीत जास्त सहा गिऱ्हाईकं घेतात आणि तुम्ही बरोबर सहा जण आहात. काठ्या, रीळ, गळ सगळं बोटीवर असतं. १६ वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला विस्कॉन्सिनचं, म्हणजे मिलवॉकी ज्या राज्यात आहे तिथलं, फिशिंग लायसन्स आणि त्यावर सॅल्मन-ट्राऊटचा वेगळा स्टॅम्प, म्हणजे जादा परवाना, लागतो, तो आदल्या दिवशीच काढून ठेवा. अर्ध्या दिवसाचीच ट्रिप घ्या, पाच वर्षांचं पोर त्याहून जास्त टिकत नाही आणि सगळ्यांचाच दिवस रडण्यात जातो.

आता काकांसाठी. काका, वेग ऐकून तुम्हाला कंटाळा येईल. सुरमईला आपण होडी चांगली पळवतो, तिकडे ताशी ३ ते ५ किलोमीटर, म्हणजे माणूस चालतो तेवढंच. सुरमईच्या दातांसाठी आपण गळाला तार लावतो, ती इथं अजिबात नको, पाणी काचेसारखं स्वच्छ, मासा तार बघून फिरकत नाही. आणि सगळ्यात मोठा फरक खोलीचा. आपण पाखरं कुठं बसतायत, पाण्याचा रंग कुठं बदलतोय ते बघतो, ते लोक पाण्याचं तापमान बघतात. किंग सॅल्मन म्हणजे चिनूक साधारण १० ते १३ अंशांच्या पाण्यात राहतो, स्टीलहेडला थोडं कोमट चालतं म्हणून तो बहुतेक वरच्या थरात असतो. जूनमध्ये कोहो सॅल्मनसुद्धा वरच सापडतो, तेव्हा प्लॅनर बोर्ड नावाच्या फळ्या बोटीच्या दोन्ही बाजूंना लांब सोडतात आणि गळ त्यांना अडकवून ओढतात, म्हणजे बोटीच्या आवाजानं बुजलेला मासाही मिळतो. जुलैत वर उबदार आणि खाली गार असे पाण्याचे थर पडले की चिनूक खाली जातो. मग डाऊनरिगर, म्हणजे पोलादी तारेला चार-पाच किलोचा गोळा, त्याला चिमट्यानं तुमची दोरी अडकवलेली, गोळा नेमका हव्या त्या खोलीवर सोडायचा.

आणि हे थर वाऱ्याबरोबर हलतात. मिलवॉकीच्या काठावर पश्चिमेचा वारा टिकून राहिला तर वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं आणि खालचं बर्फगार पाणी वर येतं. काल ज्या खोलीवर मासा होता तिथं आज काही नसतं, आणि काल पोरं पोहत होती ते पाणी आज भर जुलैत १० अंशांखाली गेलेलं असू शकतं. म्हणून कॅप्टनला रोज सकाळी विचारा, आज पाणी किती अंश.

मासा लागतो ते बघण्यासारखं असतं. काठी होल्डरमध्ये पाण्याकडे ताणून वाकलेली असते. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते, काठी एकदम सरळ उभी राहते, बघणाऱ्याला वाटतं गेला, आणि पुढच्याच क्षणी ती खाली वाकते. तेव्हा बोट थांबवायची नाही, नाहीतर बाकीचे गळ खाली जाऊन एकमेकांत गुंततात. स्टीलहेड तर लगेच वर येऊन उडी मारतो, बोटीकडेच धावत येतो, दोरी सैल पडते, त्या वेळी न थांबता रीळ फिरवत राहायचं. नातवाच्या हातात काठी द्या, काकांनी मागून फक्त त्याचं जॅकेट धरावं, काठी धरू नये. आजोबांना हे जड जाईल पण मासा पोराचा होऊ द्या. धाकटीला जाळीत आलेले मासे मोजायचं काम द्या, सुनेला फोटो. नुसतं बसवून ठेवलं की तासाभरात "घरी कधी जायचं" सुरू होतं.

प्रश्न : सॅल्मन तर समुद्रातला मासा ना, तो गोड्या पाण्यात कसा? – एक विद्यार्थी, दापोली

उत्तर : माणसानं सोडलाय. अटलांटिकमधला एलवाईफ नावाचा मासा, आपल्या तारलीच्याच घराण्यातला, कालव्यातून या सरोवरांत शिरला. त्याला खाणारा लेक ट्राऊट हा मासा सी लॅम्प्रे (दुसऱ्या माशांना चिकटून रक्त शोषणारा जीव) आणि अतिमासेमारीनं संपत आलेला, त्यामुळे एलवाईफ बेसुमार वाढला आणि काठाला मेलेल्या माशांचे ढीग लागायला लागले. मग मिशिगन राज्यानं १९६६ मध्ये कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक सोडला. स्टीलहेड त्याआधीचा, १९ व्या शतकाच्या शेवटी पॅसिफिक किनाऱ्याकडून आणलेला. तो रेनबो ट्राऊटच आहे, फक्त मोठ्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला नदीत जातो. सॅल्मन अंडी घातली की मरतो, स्टीलहेड परत येऊ शकतो.

प्रश्न : तिकडचा मासा आपल्या पद्धतीनं केला तर चालेल का? – एक गृहिणी, देवगड

उत्तर : चालेल, पण डोक्याचं कालवण नको. या सरोवरातल्या माशांच्या चरबीत पीसीबी नावाचं जुनं कारखानी रसायन साठलेलं असतं, म्हणून किती वेळा खावा याची सूचना तिकडचं सरकार देतं, गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी ती जास्त कडक असते, ती आधी वाचा. कातडी, पोटाकडची चरबी आणि बाजूचा काळपट मांसाचा पट्टा काढून टाका. मग हळद-मीठ, आगळ लावून जाळीवर भाजा म्हणजे उरलेली चरबी गळून जाते. मोठ्यापेक्षा लहान मासा खायला घ्या, त्यात हे कमी असतं.

प्रश्न : असं घरच्यांबरोबर गळ ओढत फिरणं आपल्याकडे मालवणला जमेल का? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : का नाही, आणि मजाही तेवढीच. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, सुरमई, कुपा, टोकी असं काहीही लागू शकतं. पहाटे मतलई वारा असतो तेव्हाच निघा आणि दुपारी खारा वारा जोर धरायच्या आत परत या. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या बाजूला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्याच्या गाभ्यात मासे धरायला बंदी आहे, तेव्हा तिथलाच जाणता तांडेल घ्या आणि गळ कुठं टाकायचा ते त्याला ठरवू द्या. ज्याला बोट लागते त्यानं गोळी निघायच्या तासभर आधी घ्यावी, मुलांची मात्रा डॉक्टरांना विचारून. आणि जॅकेटं होडीवर आहेत का ते पैसे द्यायच्या आधी डोळ्यांनी बघा, फळीखाली दोरीनं बांधून ठेवलेली असतील तर सोडवून अंगात घाला.