'कांद्याचा अध्यादेश' की कांद्याचं धोरण?

प्रश्न असा आला आहे: "सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या निर्यातबंदीला सगळे 'अध्यादेश' म्हणायचे. एका बातमीत 'केंद्राचा जीआर' असं वाचलं. स्पर्धा परीक्षेच्या वर्गात सर म्हणाले, हे सरकारचं 'धोरण'. तिन्ही एकच का? नसतील तर बरोबर कोणता शब्द?"

तिन्ही एक नाहीत, आणि 8 डिसेंबर 2023 पासूनची ती बंदी अध्यादेशही नव्हती, जीआरही नव्हती. ती अधिसूचना होती. 1992 च्या विदेश व्यापार कायद्याने केंद्राला कोणत्याही मालाच्या निर्यातीवर बंधन घालण्याचा अधिकार दिला आहे. त्या अधिकारात विदेश व्यापार महासंचालनालयाने ती काढली. कायदा आधीपासून होता, त्यातला अधिकार फक्त वापरला. म्हणूनच हे एका रात्रीत होऊ शकलं आणि सकाळी गाड्या भरून आलेल्या शेतकऱ्यांना ते यार्डातच कळलं. सरांचं 'धोरण' मात्र दिसतं तितकं ढोबळ नाही, त्याकडे येतो.

अध्यादेश ही दुर्मीळ गोष्ट आहे. संसदेचं किंवा विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसताना कायद्याची तातडीने गरज पडली, तर राष्ट्रपती (अनुच्छेद 123) किंवा राज्यपाल (अनुच्छेद 213) तो काढतात. त्याला कायद्याइतकंच बळ असतं, पण आयुष्य बेताचं. सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपतो. आपल्या बातम्यांमध्ये मात्र शिक्षकांच्या बदल्यांपासून शाळेच्या वेळेपर्यंत सगळ्याचे 'अध्यादेश' निघत असतात. हा घोटाळा कुठून आला असावा? माझा अंदाज असा की प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' ही ओळ असते. सरकारचा प्रत्येक कार्यकारी निर्णय राज्यपालांच्या नावाने निघावा, हे अनुच्छेद 166 मधलं बंधन आहे. राज्यपालांनी तो कागद पाहिलेलाही नसतो. पण वाचणाऱ्याला 'राज्यपाल' आणि 'आदेश' शेजारी दिसले की अध्यादेश सुचतो. शिवाय शब्दाला वजन आहे, मथळ्यात भारदस्त दिसतो.

जीआर म्हणजे शासन निर्णय, आणि तो राज्य सरकारचा. 'केंद्राचा जीआर' हा प्रयोग टाळलेला बरा. हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याला स्वतःची क्रियापदं आहेत: जीआर निघतो, अडकतो, फिरतो. "जीआर निघालाय की, मग पैसं का येत नाहीत?" हे आपल्याकडे कुठल्याही कार्यालयाच्या व्हरांड्यात ऐकू येईल. उत्तर बहुतेक वेळा एका रुक्ष शब्दात असतं: लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं. खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, त्यात तरतूद किती आणि ती वितरित झाली का, हे ठरल्याशिवाय शासन निर्णय म्हणजे नुसतीच परवानगी.

आता धोरण. हा शब्द समजून घ्यायला सोलापूरसारखं बहुभाषक गाव नाही. संस्कृतात 'धोरणि' म्हणजे न तुटणारी ओळ, परंपरा. अमरकोशात 'धोरण' हे वाहनाच्या नावांत येतं. मराठीने त्यातला चालीचा, रोखाचा अर्थ उचलला: बोलण्याचं धोरण, धोरण राखून वागणं, धोरणी बाई. धोरणी म्हणजे पुढचं ओळखून पाऊल टाकणारी, तिच्याकडे लेखी काही नसतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात 'धोरणि' म्हणजे बोलण्या-वागण्याची तऱ्हा. अक्कलकोटकडच्या कन्नड माणसाचं 'धोरणे' म्हणजे वृत्ती, पवित्रा. व्यापारातल्या गुजराती माणसाला विचाराल तर 'धोरण' म्हणजे शाळेची इयत्ता, दसमुं धोरण म्हणजे दहावी. गुजराती सोडली तर बाकी सगळीकडे अर्थाचा गाभा एकच: सलग दिसणारी चाल. हिंदीने या जागी 'नीति' बसवली. मराठीत नीती म्हटलं की सदाचार आठवतो, म्हणून 1 जानेवारी 2015 ला नीती आयोग आला तेव्हा आपल्याकडे थोडी गंमत झालीच. आणि 'पॉलिसी' आपण विम्याला देऊन टाकली आहे. पॉलिसी काढतात, धोरण आखतात.

सरकारी कागदावर मात्र 'धोरण' दोन अगदी वेगळ्या मापांत येतं. एक मोठं: मथळ्यात धोरण, पुढे वर्षं. राज्याचं वस्त्रोद्योग धोरण 2023-28 हे आपल्या यंत्रमागवाल्यांच्या ओळखीचं. त्याआधी 2018-23 चं होतं, त्याआधी 2011-17 चं. दुसरं फार बारीक: निर्यातीच्या तक्त्यात प्रत्येक मालापुढे 'निर्यात धोरण' असा रकाना असतो आणि त्यात एकच शब्द. डिसेंबर 2023 च्या अधिसूचनेने कांद्यापुढचा 'मुक्त' काढून 'निषिद्ध' केला. म्हणजे कागदाच्या भाषेत सर बरोबर होते. एका रकान्यातला एक शब्द बदलणं हेही धोरण बदलणंच.

पण मला तिसराच अर्थ महत्त्वाचा वाटतो. कांद्याचा क्रम बघा. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क. डिसेंबरात बंदी. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण टनाला 550 डॉलरची किमान निर्यात किंमत आणि 40 टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबर 2024 मध्ये किमान किंमत गेली, शुल्क 20 टक्क्यांवर आलं. 1 एप्रिल 2025 पासून तेही गेलं. यार्डातला माणूस म्हणणार, "ह्यांच्या धोरणाला काही धोरण नाही," आणि त्या वाक्यात एकच शब्द दोन अर्थांनी किती चपखल वापरलाय! तरीही मी तो क्रम थोडा वेगळा वाचतो. कागद एकमेकांच्या उलट आहेत, पण चाल एकच आहे: शहरातला किरकोळ भाव चढू लागला की माल देशात अडवायचा, उतरला की सोडायचा. त्याची किंमत कोणी मोजायची हेही त्यात ठरलेलंच आहे. हे वाक्य कुठल्याच अधिसूचनेत छापलेलं नाही. ते चार-पाच कागद शेजारी ठेवल्यावर दिसतं, आणि 'धोरणि'चा जुना अर्थ तिथे नेमका बसतो.

म्हणून मला विचाराल तर जे छापतात ते धोरण असतंच असं नाही आणि जे धोरण असतं ते छापतातच असं नाही. मंत्रालयात ते खरं घडतं फाईलवर, म्हणजे नस्तीवर. विभाग टिपणी लिहितो, वित्त विभाग विचारतो की खर्च आवर्ती का अनावर्ती, म्हणजे दरवर्षीचा का एकदाचा, बोजा किती वर्षांचा. विधी व न्याय विभाग बघतो की अधिकार कोणत्या कलमाखाली. मग मंत्रिमंडळ. या प्रवासात कधी लाभार्थ्याची व्याख्या आक्रसते, कधी 'देण्यात येईल' चं 'देता येईल' होतं. धोरणविश्लेषण हा शब्द पुस्तकी वाटतो, पण टिपणीच्या समासातले शेरे म्हणजे दुसरं काय असतं?

कधी कधी हे शब्द एकामागून एक येतात. रोजगार हमीचंच घ्या. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने 1965 च्या सुमारास सांगली जिल्ह्यात तासगावकडे झाला तो प्रयोग. बहात्तरच्या दुष्काळात, जो आपल्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांना खडी फोडण्यासकट आठवतो, ती राज्यभराची योजना झाली. पैशासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आला, पगारपत्रकात अजून कापला जातो तोच. मग 1977 चा अधिनियम, 26 जानेवारी 1979 पासून लागू. 2005 मध्ये केंद्राचा कायदा. योजना सरकार बंद करू शकतं, 'हमी' कायद्यात गेली की मजूर मागू शकतो. एवढ्यासाठी योजना आणि अधिनियम यांत गल्लत करू नये. आणि मजुरी बेताची, काम अंगमेहनतीचं ठेवल्याने ज्याला खरी गरज तोच येतो, दाखला तपासावा लागत नाही, ही त्यातली खरी धोरणी गोष्ट होती.

लिहिताना क्रियापदं सांभाळली तरी निम्मी गल्लत टळते. धोरण आखतात किंवा ठरवतात, योजना राबवतात, शासन निर्णय आणि अधिसूचना काढतात, कायदा करतात. मसुद्यावर हरकती व सूचना मागवतात. 2014 पासून केंद्रात कायद्याचा मसुदा निदान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा असं ठरलं आहे, आणि गंमत म्हणजे तेही एक धोरणच आहे, कायदा नाही.

आणखी एक जोडी लोक सर्रास उलटसुलट वापरतात: आढावा आणि मूल्यमापन. आढावा म्हणजे लक्ष्यांक किती, साध्य किती, मार्चपर्यंत निधी संपतोय का. मूल्यमापन विचारतं की हे केलंच नसतं तर काय झालं असतं. पहिल्याच्या बैठका जिल्हाधिकारी कार्यालयात नेहमी होतात. दुसऱ्याची बैठक लागल्याची बातमी तुम्हाला सापडली तर जरूर पाठवा. शीर्षकात 'मूल्यमापन' आणि आत टक्क्यांचे तक्ते असतील तर तो आढावाच समजा.