पाच विरुद्ध एक, आणि ब्रेक फेल

प्रश्न: ताई नमस्कार, रंकाळ्यावर आमचा रोजचा कट्टा असतोय, परवा एकानं ते ट्रॉलीचं कोडं काढलं. ब्रेक फेल ट्रॉली, रुळावर पाच माणसं, तुम्ही खटका ओढला तर ती दुसऱ्या रुळावर जाणार पण तिथं एकजण हाय. मी म्हटलं आरडाओरडा करायचा की, तर सगळे हसले, म्हणे तसं चालत नाही. का चालत नाही? आणि जे कधी घडणारच नाही त्यावर डोकं शिणवून मिळतंय काय?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: दादा, खऱ्या रुळावर तुमचंच उत्तर बरोबर. पण कोड्यात बाकीच्या वाटा मुद्दाम बंद केलेल्या असतात, म्हणजे एकच गोष्ट बदलून मन कुठं अडतंय ते बघता येतं. फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी 1967 मध्ये हे मांडलं, तेव्हा ट्राम होती आणि निर्णय ड्रायव्हरचा. नंतर जुडिथ थॉमसन या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी त्यात पूल आणला, पुलावर एक जाडजूड माणूस उभा, त्याला खाली ढकललं की ट्रॉली अडते आणि पाच वाचतात.

आता हिशोब तोच की, पाचाला एक. तरी खटका बिनधास्त ओढणारे इथं मागं सरतात, कट्ट्यावर विचारून बघाच. हात लावावा लागतो म्हणून? मग समजा तो झाकणावर उभा हाय, बटण दाबलं की खाली पडतोय. तरी बऱ्याच जणांना नकोच वाटतं ना? म्हणजे अडचण नुसत्या हाताची नाही. दुसऱ्या रुळावरचा माणूस तिथं नसता तरी पाच वाचलेच असते, पण पुलावरचा नसता तर कुणीच वाचलं नसतं, त्याच्या देहाचाच आपण ब्रेक करतोय. मला तरी खरी गोम इथंच वाटते, सगळ्यांना पटत नाही हे पण खरं.

आणि घडणारच नाही म्हणताय, तर 2019 चा महापूर आठवा. समजा बोट एक, फेरी एकच, एका छतावर पाच जण, दुसऱ्यावर एक आजी. बहुतेक लोक पाचांकडं जातील आणि त्यांना खुनी कोण म्हणणार नाही, कारण वाचवता न येणं वेगळं आणि मारणं वेगळं, फूटबाईंचा मूळ मुद्दाही साधारण हाच. अर्थात खऱ्या पुरात दुसरी फेरी होईल का ते आधी कुणालाच माहीत नसतं, कोड्यातली ही खात्री तिथं नेऊन हिशोब करत बसू नका.

आता तीच आजी आधीच बोटीत बसलीय आणि पाचजण छतावरनं हाका मारतायत, जागा तेवढीच. तिला उतरवायचं का? मी तर नाहीच म्हणेन, पण "ती आधी बसली" एवढं कारण पुरतं का, यावर कट्ट्यावर काय ठरतंय ते पुढच्या पत्रात कळवा.