दोघंच कॅम्परने इटलीला? आधी एवढं बघा

कॅम्पर म्हणजे आत झोपायची, रांधायची सोय असलेली गाडी. बेत झकास आहे, जाच. पण दहा दिवसांत व्हेनिस ते सिसिली हे डोक्यातून काढा. पहिल्या खेपेला टस्कनी आणि उम्ब्रिया भरपूर झालं.

नवखे सगळ्यात जास्त फसतात ते झेडटीएलमध्ये, म्हणजे परवान्याशिवाय गाडी न्यायला बंदी असलेल्या भागात. जुन्या गावाच्या तोंडाशी पांढरी पाटी, तिच्यावर लाल वर्तुळ, 'झोना त्राफिको लिमितातो'. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड कधीकधी काही महिन्यांनी घरी येतो. जीपीएस बिनदिक्कत आत घालतं, त्याच्या नादी लागू नका. फ्लॉरेन्स, सिएनाला गाडी बाहेर लावून बसने जा.

बाकी थोडक्यात:
- मुक्काम 'आरेआ दी सोस्ता'त, म्हणजे कॅम्परसाठी राखलेल्या थांब्यावर. पाणी भरायची, सांडपाणी सोडायची सोय बहुतेक ठिकाणी असते. साध्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, गाडीच्या बाजूचं कापडी छत उघडलं, की ते कॅम्पिंग धरतात, आणि ते तिथे चालत नाही.
- टोलनाक्यावर नुसतं 'टेलेपास' लिहिलेल्या पिवळ्या लेनमध्ये घुसू नका, ती गाडीत आपोआप टोल भरणारं यंत्र असलेल्यांची.
- दक्षिणेतल्या अमाल्फीचा किनारी रस्ता कॅम्परचा नाहीच. सालेर्नोहून बस किंवा बोट घ्या.
- भारतातलं लायसन्स असेल तर सोबत आंतरराष्ट्रीय परवानाही हवा.

एकाने चालवायचं, दुसऱ्याने पाट्या वाचायच्या, हे निघण्याआधीच ठरवा. नवरा-बायकोची भांडणं हमखास तिथेच होतात. आणि ऑगस्ट टाळा, तेव्हा अख्खी इटली समुद्रावर असते.