डॉक्टरांना पाय दाखवलेस, बाकीचं सांगितलंस का?

प्रिय मैत्रिणी,

तू नाशिकच्या सिडकोत राहतेस, वय ३१, अंबडच्या कंपनीत अकाउंट्स बघतेस. लहानपणापासून इक्थायोसिस आहे, म्हणजे कातडी कोरडी पडून तिचे खवले सुटण्याचा आजार, वडिलांकडून आलेला. भर मे महिन्यात पूर्ण बाह्या घालतेस, आणि उठताना कोंडा दिसू नये म्हणून ऑफिसची खुर्ची हातानं झाडतेस. डॉक्टर म्हणाले, ‘हे कायमचं आहे, क्रीम लावत राहा.’ आई म्हणते, लग्न जमेपर्यंत ब्र काढायचा नाही. तू विचारतेस, सांगू की नको?

सांग. पण पाहुण्यांच्या आधी डॉक्टरांना सांग. त्यांनी खवले पाहिले, खुर्चीचं त्यांना कुठे माहीत आहे? त्वचारोगतज्ज्ञांकडे डीएलक्यूआय नावाची १० प्रश्नांची प्रश्नावली असते, १९९४ मध्ये तयार झालेली. गेल्या आठवड्यात खाज किती सुटली, लाज किती वाटली, कपडे निवडताना, कामावर, जवळच्या नात्यात त्वचा किती आड आली, हेच त्यात विचारतात. ती मागून घे, खरं खरं भर. कायमचं असलं तरी त्रास कमी करता येतो. आंघोळ कोमट पाण्यानं. अंग ओलसर असतानाच क्रीम. युरिया किंवा लॅक्टिक ॲसिडचं चालेल का, विचार. भेगांवर मात्र ते झोंबतं, आणि निफाडचा पारा उतरला की तुझ्या पोटऱ्या तडकतात असं तू लिहिलंयस. खवले कमी करणाऱ्या ॲसिट्रेटिनच्या गोळ्यांचा विषय निघाला तर लग्नाचं आधी बोल, कारण त्या बंद केल्यावरही ३ वर्षं दिवस राहू देता येत नाहीत.

आता स्थळाचं. कांदेपोह्यांना सगळ्यांसमोर नको. दोघंच भेटाल तेव्हा बाही वर करून दाखव. हे स्पर्शानं पसरत नाही, हे पहिल्यांदा सांग, लोकांच्या मनात तीच भीती असते. मुलांमध्ये येऊ शकतं, तेही सांग. तुझ्या प्रकारात शक्यता किती, हे जनुकीय समुपदेशकाकडून आधी समजून घे. ऐकून तो मागे फिरला तर वाईट वाटेल, खूप वाटेल. पण लग्नानंतर बंद दाराआड रोज पाऊण तास चोरून मलम लावणं, ते मला तुझ्यासाठी अजिबात नको आहे.

आईवर रागावू नकोस. तिनं याच कातडीच्या माणसाबरोबर संसार केलाय. लग्नाआधी तिला कुणी सांगितलं होतं का, एवढं विचार तिला.

तुझी ताई