वाचकांचे प्रश्न : विरळ वस्तीच्या राज्यात वीस वर्षांचा रस्तेखर्च कसा काढतात?

प्रश्न : अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात काउंटी (जिल्ह्यासारखा स्थानिक विभाग) आणि टाउनशिप (काउंटीतला छोटा ग्रामीण विभाग) यांच्या ताब्यातील रस्त्यांना पुढील वीस वर्षांत किती निधी लागेल, याचा अंदाज एक विद्यापीठ तयार करते आणि तो विधिमंडळापुढे ठेवला जातो, असे वाचनात आले. जिथे माणसेच मोजकी, तिथे लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च धरून काम का भागत नाही? आणि वीस वर्षांनंतरचा रस्ता आज कोणाला कसा दिसतो? (एक निवृत्त स्थापत्य अभियंता)

उत्तर : लोकसंख्येवरून हिशेब मांडला तर तो पहिल्याच पायरीवर चुकतो. 2020च्या जनगणनेत या राज्याची लोकसंख्या 7,79,094 भरली, मात्र तेथील सार्वजनिक रस्त्यांची लांबी एक लाख मैलांहून अधिक आहे. त्यांपैकी राज्याच्या परिवहन खात्याकडे साधारण साडेआठ हजार मैल असून उरलेला बहुतेक भार काउंट्या आणि टाउनशिप वाहतात. टाउनशिपमध्ये अभियंता असतोच असे नाही. शिवाय रस्ता झिजतो तो त्यावरून गेलेल्या वजनामुळे आणि हवामानामुळे. आजूबाजूला किती घरे आहेत याच्याशी त्याचा संबंध फार थोडा.

वजनाचा हा परिणाम इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ 1958 ते 1960 या काळात झालेल्या मोठ्या चाचणीत मोजला गेला. खास बांधलेल्या वळसेदार रस्त्यांवर दोन वर्षे ट्रक फिरवून जे निष्कर्ष निघाले, त्यांतून पुढे ‘चौथ्या घाताचा नियम’ रूढ झाला. त्यानुसार एका अ‍ॅक्सलवरचे (चाकांच्या जोडीच्या आसावरचे) वजन दुप्पट झाले की रस्त्याचे नुकसान सुमारे सोळापट होते. त्यामुळे अंदाज करणाऱ्याला मोटारी किती, यापेक्षा भरलेले ट्रक कोठून कोठे जातात, हे आधी शोधावे लागते.

हे काम फार्गो येथील नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठाची अप्पर ग्रेट प्लेन्स वाहतूक संस्था करते आणि तिची पद्धत पाहण्याजोगी आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून कोणत्या भागात कोणते पीक आहे हे कळते. त्याला उत्पादकतेची जोड दिली की धान्य किती निघेल याचा अदमास येतो. ते धान्य जवळपासच्या कोठारांकडे, साखर वा इथेनॉलच्या कारखान्यांकडे कोणत्या रस्त्याने जाईल, हे संगणकीय प्रतिमानात बसवले जाते. लांबलचक मालगाड्या भरणारी मोठी कोठारे उभी राहिली आणि छोटी बंद पडत गेली, तेव्हा शेतापासून कोठारापर्यंतचा पल्ला वाढला; पीक तेच राहिले तरी काउंटीच्या रस्त्यांवरचे टन-मैल (मालाचे वजन गुणिले अंतर) वाढले. माझ्या मते या साऱ्या पद्धतीतले सर्वांत कसदार काम हेच आहे, कारण रस्त्याच्या कडेला वाहने मोजून वर्तमान कळते, वाहतुकीचे कारण कळत नाही.

पश्चिमेकडील बाकेन तेलक्षेत्रात गणित आणखी अवघड होते. एक विहीर खोदून ती सुरू होईपर्यंत पाणी, वाळू, पाइप आणि यंत्रसामग्री यांच्यासाठी ट्रकच्या दोन हजारांच्या आसपास फेऱ्या होतात, आणि त्यांतल्या बहुतेक अशा रस्त्यांवरून, जे शेतमालाच्या हंगामी वाहतुकीसाठी तयार झालेले होते. 2014 मध्ये या राज्यात खोदकाम करणाऱ्या रिगची संख्या दोनशेच्या जवळ होती. तेलाचे भाव कोसळल्यावर 2016 मध्ये ती तीसच्या आसपास आली. अशा परिस्थितीत वीस वर्षांसाठी एकच आकडा देणे म्हणजे तेलाच्या भावाचे भविष्य सांगणे होय. म्हणून रिगच्या वेगवेगळ्या संख्या गृहीत धरून वेगवेगळे अंदाज काढले जातात आणि कोणत्या गृहीतकावर कोणता आकडा उभा आहे, हे विधिमंडळाला सांगितले जाते.

मागणीची बाजू अशी ठरली की रस्त्याची ताकद तपासायची. डांबरी रस्त्यावर ठरावीक वजन आपटून तो किती दबतो हे मोजणारे यंत्र असते. त्यावरून आतील थरांत किती जीव उरला आहे, हे कळते. पृष्ठभागाचा खडबडीतपणा वेगळा मोजतात. वरून गुळगुळीत दिसणारा, पण आतून पातळ असलेला रस्ता या चाचणीतच उघडा पडतो. मग प्रत्येक तुकड्याला नुसता नवा थर पुरेल, खोलवर दुरुस्ती लागेल, की रस्ता रुंद करून नव्याने बांधावा लागेल, हे ठरते. खडीच्या रस्त्यांसाठी हिशेब निराळा : ग्रेडर (खडी सारखी करणारे यंत्र) किती वेळा फिरवायचा, नवी खडी किती वर्षांनी टाकायची, आणि ती किती लांबून आणायची. जवळ चांगली खाण नसेल तर वाहतुकीचा खर्च खडीच्या किमतीलाही मागे टाकू शकतो. म्हणून दर प्रत्येक काउंटीला विचारूनच घ्यावे लागतात.

आणि तरीही ‘गरज’ हा शब्द जपून वापरावा लागतो. वसंतात बर्फ वितळून जमीन मऊ पडते, तेव्हा अनेक रस्त्यांवर जड वाहनांना मर्यादा घातली जाते. ही मर्यादा पुढेही राहील असे धरले तर एक रक्कम निघते. बारमाही जड वाहतूक हवी असे धरले तर त्याच रस्त्यासाठी दुसरी, बरीच मोठी रक्कम निघते. याच राज्यातील स्टट्समन काउंटीने 2010च्या सुमारास एक जीर्ण डांबरी रस्ता उखडून पुन्हा खडीचा केला. त्या रस्त्याची गरज किती होती, याचे उत्तर काउंटीच्या त्या निर्णयाबरोबर बदलले.

प्रश्न : पुलांचा अंदाजही असाच काढतात का? पूल धोकादायक आहे, हे ठरवण्याचे निकष कोणते? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : पुलांबाबत माहिती अधिक चांगली आहे आणि त्यामागे एक दुर्घटना आहे. 15 डिसेंबर 1967 रोजी वेस्ट व्हर्जिनिया आणि ओहायो यांना जोडणारा सिल्व्हर ब्रिज ओहायो नदीत कोसळला आणि 46 माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर 1971 मध्ये देशभरासाठी तपासणीचे नियम झाले. वीस फुटांहून लांब असलेल्या प्रत्येक सार्वजनिक पुलाची सर्वसाधारणपणे दर 24 महिन्यांनी पाहणी होते. वरची स्लॅब, तिला पेलणारा सांगाडा, आणि खांब व पाया यांना स्वतंत्रपणे 0 ते 9 असे गुण दिले जातात. यांपैकी कोणत्याही एका भागाला 4 किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर पुलाची स्थिती ‘वाईट’ धरली जाते. याचा अर्थ तो उद्या पडणार असा होत नाही. अनेक वर्षांच्या अशा नोंदी हाताशी असल्यामुळे 6 गुणांचा पूल 5 वर येण्याची शक्यता दर वर्षी किती, हे काढता येते आणि पुढची वाटचाल संभाव्यतेच्या रूपात मांडता येते.

ग्रामीण राज्याची अडचण त्या वीस फुटांच्या रेषेत आहे. टाउनशिपच्या असंख्य मोऱ्या आणि छोटे पूल त्याहून आखूड असतात, म्हणून राष्ट्रीय नोंदीत येतच नाहीत. त्यांची मोजदाद स्वतंत्रपणे केली नाही तर अंदाजातून ते अलगद गळतात. दुसरा प्रश्न असा की मोडकळीला आलेला प्रत्येक पूल बदलायचाच का? काही ठिकाणी पुलाऐवजी पेटीसारखी काँक्रीटची मोरी स्वस्तात भागते. जिथे शेजारचा पूल दोन मैलांवर आहे, तिथे तो बंद करण्याचाही विचार होऊ शकतो. पण त्यावरून शाळेची बस, अग्निशमनाची गाडी आणि सुगीची अवजड यंत्रे जात असतील, तर वळशाची किंमत मांडल्याशिवाय ‘बंद करा’ म्हणणे अन्यायाचे ठरेल. राष्ट्रीय नोंदीत प्रत्येक पुलापुढे वळशाचे अंतर लिहिलेले असते, ते याच कामाला येते. 2021च्या संघीय कायद्याने पुलांसाठी पाच वर्षांत 27.5 अब्ज डॉलर ठेवले आणि संघीय मदतीस पात्र रस्त्यांच्या जाळ्याबाहेरील, स्थानिक संस्थांच्या पुलांना पूर्ण खर्च मिळण्याची सोय केली. काउंट्यांच्या दृष्टीने हा मोठाच बदल होता.

प्रश्न : अशा विरळ भागात सार्वजनिक बससेवेचा अंदाज कशावर बेततात? प्रवासी तर दिसतच नाहीत. (एक वाचक)

उत्तर : आपल्या दुसऱ्या वाक्यातच अंदाजाची खरी अडचण आली आहे. वाहनांचा खर्च काढणे सोपे आहे. लहान बस प्रकारानुसार चार, पाच किंवा सात वर्षांनी, मोठी बस किमान बारा वर्षांनी बदलण्यायोग्य होते, असे संघीय निकष सांगतात. ताफा किती आणि किती जुना, यावरून वीस वर्षांची खरेदी मांडता येते. पन्नास हजारांहून कमी वस्तीच्या भागांना मिळणारे संघीय अनुदान भांडवली खर्चाच्या 80 टक्क्यांपर्यंत, तर चालवण्यातील तुटीच्या 50 टक्क्यांपर्यंत असते. म्हणजे बस मिळते, पण चालकाचा पगार, इंधन आणि फोनवर फेऱ्या लावणारा माणूस यांच्यासाठी उरलेला निम्मा भाग स्थानिक पातळीवर उभा करावा लागतो. बहुतेक सेवा याच निम्म्यापाशी अडतात.

पण ताफ्यावरून काढलेला आकडा फक्त आज चालणाऱ्या सेवेचा असतो. ज्या काउंटीत बसच नाही, तिथे बदलण्याजोगी बसही नाही, म्हणून तिची गरज शून्य निघते! यावर उपाय म्हणून ज्यांच्याकडे गाडी नाही अशी कुटुंबे मोजतात आणि त्यांचा प्रवास एक गाडी असलेल्या कुटुंबांपेक्षा किती कमी आहे, ते पाहतात. हा फरक म्हणजे न झालेला प्रवास : डायलिसिसची चुकलेली वेळ, दूरच्या गावातली न घेता आलेली नोकरी. तो सगळा बससेवेने भरून काढायचा म्हटले तर रक्कम अवास्तव फुगते, त्यामुळे त्यातला किती भाग भरायचा हे राज्याला ठरवावे लागते. बससेवेची गरज सांगताना हे दोन्ही आकडे वेगवेगळे छापावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे.

प्रश्न : अशा अहवालांतील अवाढव्य रकमा कशा वाचाव्यात? (एक नियमित वाचक)

उत्तर : आधी पाहावे की रक्कम आजच्या दरांत आहे की भाववाढ धरून. 2021 नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत महामार्ग बांधणीचा खर्च निम्म्याहून अधिक वाढला. त्यापूर्वीचा अंदाज मूळ दरांत वाचला तर फसगत होते. उत्पन्नाची बाजू मात्र जागची हलत नाही. पेट्रोलवरील संघीय कर 1993 पासून गॅलनला 18.4 सेंट आहे आणि नॉर्थ डकोटाचा स्वतःचा कर 2005 पासून 23 सेंट. दोन्ही भाववाढीला जोडलेले नाहीत. त्यामुळे तूट दिसते त्यात थोडा भाग झिजलेल्या रस्त्यांचा आणि थोडा झिजलेल्या कराचा असतो.

दुसरे म्हणजे रक्कम वीस वर्षांत सारखी वाटलेली नसते. राज्याच्या दीर्घ पल्ल्याच्या आराखड्याची मुदत नियमाने किमान वीस वर्षे, मत्ता-व्यवस्थापन योजनेची (म्हणजे असलेले रस्ते व पूल टिकवण्याच्या योजनेची) किमान दहा, आणि प्रत्यक्ष कामांच्या यादीची चार वर्षे असते. यादीतल्या कामांमागे पैसा दाखवावाच लागतो, वीस वर्षांच्या गरजेमागे तो दाखवावा लागत नाही. विषम वर्षी भरणाऱ्या विधिमंडळाच्या सोयीसाठी नॉर्थ डकोटाच्या अहवालातील तक्ते दोन-दोन वर्षांच्या टप्प्यांत असतात. साठलेला अनुशेष पहिल्या टप्प्यांत येतो, म्हणून ते रकाने जड दिसतात. एकूण रकमेला वीसने भागून वर्षाची तरतूद केली, तर सुरुवातीची कामे पुढे ढकलली जातात. तेवढ्यात नव्या थरावर भागणारे रस्ते पुनर्बांधणीच्या यादीत जातात, आणि दोन वर्षांनी येणाऱ्या पुढच्या अहवालात मूळ आकडाच मोठा होऊन येतो.